धातूचा करंडक

'करंडक' हा शब्द मी पहिल्यांदा शाळेच्या गॅदरिंगला ऐकला. आईने तो पहिल्यांदा विहारात ऐकला. एवढाच फरक. पण ह्या फरकामुळे यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून बघतेय. मी एरवी पत्रकं लिहिते. आम्ही चारपाच जण मिळून ती कंपन्यांच्या गेटवर वाटतो, चाकणला, भोसरीला, कधी पार राजगुरुनगरच्या स्टँडवर. पत्रकाचं एक बरं असतं. काय झालं, कोणामुळे झालं, आता काय करायचं, एवढं एका पानात बसवायचं आणि मोकळं व्हायचं. हे त्या पानात बसलं नाही.

आम्ही कासारवाडीत राहतो. कासार म्हणजे पितळेची भांडी घडवणारे, बांगड्या भरणारे. आमच्या आळीत आता एकही कासार नाही, नाव तेवढं राहिलंय. घर रुळांना इतकं लागून आहे की गाडी गेली की मांडणीवरचे पेले एकमेकांशी बोलायला लागतात. लोकल गेली तर कुजबुज, मालगाडी गेली तर भांडण. नवीन माणूस बोलता बोलता थांबतो, आम्ही नुसता आवाज चढवतो. घरात आई, मी आणि माझी थोरली बहीण. तिला मी ताई म्हणते, आणि इथेही ताईच म्हणणार.

ताई चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर होती, ठेकेदाराकडून. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीच्या कंपन्यांना वाटतं, चला, आपलं नाही.

प्रेसचं काम ज्याने पाहिलं नाही त्याच्यासाठी सांगते. खाली साचा असतो. त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, हात काढायचा, वरून वजनदार भाग येतो आणि पत्र्याला आकार देऊन वर जातो. परत तुकडा, परत हात. हात आत असला तर मशीनने थांबावं म्हणून एक डोळा बसवलेला असतो, सेन्सर. ताईच्या मशीनच्या डोळ्यावर टेप होती. डोळा उघडा असला की मशीन सारखं थांबतं आणि माल कमी निघतो. टेप कुणी लावली विचारलं तर उत्तर मिळालं, "ती पहिल्यापासूनच होती." पहिल्यापासून. जणू टेपला हात होते आणि ती स्वतःच जाऊन चिकटली.

होळीनंतर ताईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं.

कंपनीच्या गाडीतून तिला ओळखीच्या दवाखान्यात नेलं, टाके घातले, घरी सोडलं. बोटं कुणी बरोबर नेली नाहीत. तिथला डॉक्टर म्हणाला, आणली असती तरी जोडण्यासारखी राहिली नव्हती. असेलही. पण ताईचा प्रश्न जोडण्याचा नव्हताच. भूल उतरल्यावर तिने पहिलं विचारलं ते हे: "मग ती गेली कुठं?"

लाइनवरच्या बायकांना तिने फोन केले. एक म्हणाली, सफाईवाल्यांनी लगेच पाणी मारलं. दुसरी म्हणाली, स्क्रॅपच्या पेटीत गेली असतील गं, पत्र्याबरोबर. तिसरीने फोन ठेवला. सुपरवायझर म्हणाला, "ताई, आता ते कशाला काढता." ताई म्हणाली, "मी न्हाई काढलं सर. तुमच्या मशीननं काढलं." ती बोलायला अशीच आहे. होती. मग ती गप्प झाली.

आणि मग हा सुपरवायझर एका रविवारी दुपारी आमच्या दारात आला. हातात पेढे, आणि मखमली कागदात गुंडाळलेलं काहीतरी. कंपनीला सुरक्षेचं मोठं बक्षीस मिळालं होतं. वर्षभर एकही अपघात नाही म्हणून. ताईचं जे झालं ते त्यांच्या लेखी किरकोळ दुखापतीत बसलं होतं, आणि बक्षीस देणाऱ्यांना अपघात आणि किरकोळ दुखापत हे दोन वेगळे प्राणी वाटत असावेत. तर त्या आनंदात प्रत्येक कामगाराला मूळ बक्षिसाची छोटी प्रतिकृती वाटत होते. हातात मावेल अशी, पितळी, खाली निमुळती होत गेलेली, वर घुमटासारखं झाकण, झाकणाला कळीचं टोक, अंगावर वेलबुट्टी. खरं सांगायचं तर सुंदर होती. मला त्याचाच राग आला.

सोबत एक कार्ड होतं. आई प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली, त्यामुळे समोर आलेलं काहीही ती मोठ्याने वाचते, साबणाच्या वेष्टनापासून. तिने कार्ड डोळ्यांजवळ धरलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं. "आपल्या… योग-दाना-बद्दल… धातूचा… करंडक… सप्रेम… भेट."

वाचून झाल्यावर तिने पायांतल्या चपला काढल्या. पदर डोक्यावर घेतला. डबी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली आणि मांडणीवर बुद्धाच्या मूर्तीशेजारी नेऊन ठेवली.

सुपरवायझर बघतच राहिला. "काकू, बक्षीस आहे ते. ट्रॉफी."

"व्हय. कुणाचा धातू हाय?"

"पितळ आहे. वरून पॉलिश."

"ते डबीचं झालं की. आतला इचारायले मी."

इथे आईचं थोडं सांगायला हवं. आई लातूरकडची. काही वर्षांपूर्वी आमच्या विहारात भंतेजींनी एक करंडक आणला होता, दर्शनाला. पांढरी साडी नेसून ती उन्हात रांगेत उभी राहिली, आणि काचेआड कापसावर ठेवलेलं नखाएवढं काहीतरी पाहून घरी आल्यावर दिवसभर त्याच साडीत बसून राहिली. त्याला धातुकरंडक म्हणतात. तिथे धातू म्हणजे लोखंड-पितळ नव्हे. धातू म्हणजे माणूस गेल्यावर राहतं ते. हाड, दात, केस, राख. आईला करंडक एवढा एकच माहीत होता, आणि धातूही एवढाच. कार्डवर दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापलेले. तिने दुसरं काय समजायचं?

"आत काही नसतं हो काकू," सुपरवायझर हसून म्हणाला. "रिकामाच असतो."

"रिकामा करंडक कुणी कुणाला देत नसतंय, भाऊ."

तेवढ्यात मालगाडी आली. पेले बोलायला लागले, पातेल्यांनी साथ धरली. आणि त्या सगळ्या ओळखीच्या आवाजात एक अनोळखी आवाज आला. बारीक, कोरडा. टिक, टिक. नखाने दार वाजवावं तसा. मूर्तीच्या शेजारून.

गाडी गेल्यावर तो थांबला.

"स्क्रू ढिला असेल," सुपरवायझर म्हणाला. डबीला स्क्रू नव्हता. झाकणसुद्धा उघडत नव्हतं, काठाशी डाग देऊन पक्कं केलेलं होतं. मग त्याला आठवलं की फोटो काढायचाय. ताईने करंडक हातात धरलेला फोटो, कंपनीच्या ग्रुपवर टाकायला. ताईचा उजवा हात ओढणीखाली होता. तो म्हणाला, "डावा चालेल." म्हणजे माणसाने विचार केला होता. घरून निघताना, रस्त्यात कुठेतरी, त्याने डाव्या हाताचा विचार करून ठेवला होता.

ताई हललीच नाही. शेवटी त्याने मांडणीचा फोटो काढला आणि निघून गेला. पेढे कुणी खाल्ले नाहीत.

तो गेल्यावर ताई आईला म्हणाली, "तुला कसं कळलं गं?"

"काय?"

"आत कोण हाय ते."

मी हसले. ताई हसली नाही.

तेव्हापासून घराचं वळण बदललं. ताईची नसलेली बोटं दुखायची. त्यात नवल नाही, पिंपरीच्या महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यातल्या मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलं होतं की अवयव गेला तरी त्याच्या शिरांना ते कळायला वेळ लागतो, पुष्कळांना असं होतं. पण आता ताईचं दुखणं गाडीबरोबर यायचं. लांबून भोंगा ऐकू आला की तिचा चेहरा बदलायचा. गाडी धडधडत जायची, वर टिक, टिक, आणि ती ओठ आवळून बसायची.

मी म्हटलं, "हातात कळा येतात का?"

"हातात न्हाई." तिने हनुवटीने मांडणीकडे दाखवलं. "तिथं."

दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणतंय, शेजारच्या घरात टीव्हीवर जाहिरात चाललीय, आणि माझी शहाणीसुरती बहीण सांगतेय की तिला चार हात लांब मांडणीवर दुखतंय. भुतं रात्री येतात म्हणणाऱ्याने आमच्याकडे भर उन्हात यावं.

पण खरी भीती वेगळी होती. दवाखान्यातल्या मॅडम हातांचे व्यायाम घेतात. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं: उरलेली दोन बोटं आणि अंगठा रोज उघडायचा, मिटायचा, राजमा नाहीतर शेंगदाणे एकेक करून उचलायचे. पाऊस लागायच्या आत हाताला वळण लागलं नाही तर मूठ आहे तशी आखडून बसेल, आणि मग ऑपरेशन करूनही खात्री नाही. ताईचा उजवा हात. भाकरी थापायचा, गाडीत दांडा धरायचा, पुढे कुठलंही काम मागायचा हात. आणि ती तो उघडत नव्हती. ओढणीखाली मूठ घट्ट, पोटाशी. मी राजम्याची वाटी समोर ठेवली की ती म्हणायची, "उघडला की दोन जागा रिकाम्या दिसत्यात. मग तिकडून ओढ लागती." मे सरत आला होता.

दुखण्याशी मला वाद घालता येत नाही. शब्दाशी येतो. मी ठरवलं, 'करंडक' म्हणजे बक्षिसाचा चषक, हे कोशात दाखवून घरातला हा सगळा प्रकार मिटवायचा. वाचनालयात गेले, खालच्या कप्प्यातले जाडजूड कोश काढले, ज्यांची पानं उलटताना हाताला पिवळी पूड लागते. मिटवायला गेले होते. तिथे वेगळंच उघडलं.

करंड म्हणजे मुळात बांबूच्या कामट्यांची, झाकण असलेली टोपली. इथवर बरं वाटलं. तिचीच धाकटी करंडी, आपण आंब्याची करंडी म्हणतो ती. तिचाच करंडा, कुंकवाचा. नवरीला फणी-करंडा देतात, देवीच्या ओटीत ठेवतात. संस्कृतात करंड म्हणजे मधाचं पोळंही होतं. तलवारही, आणि एका जातीचं बदकही, ते कसं काय ते कोशकाराला ठाऊक. गुजरातीत करंडियो म्हणजे गारुड्याची टोपली. म्हणजे आत साप. मी पान उलटलं. पालीत करंड म्हणजे टोपली, डबी, आणि दुसरा अर्थ: सापाची कात. करंडातून साप बाहेर काढावा अशी एक जुनी उपमा आहे म्हणे, आणि तिथे करंड म्हणजे टोपली की साप सोडून गेला ती त्याची कातडी, हा प्रश्न आहे. जुने भाष्यकार कात म्हणतात.

मी ते वाक्य बोटाने धरून बसले. डबी म्हणजे ज्यात शरीर ठेवतात ती. आणि डबी म्हणजे शरीरावरून निघून पडतं ते. एकच शब्द.

बक्षिसाचा चषक हा अर्थ त्या जुन्या पानांत नव्हताच. तो आपण अलीकडे चिकटवलेला, स्पर्धांसाठी, वर्तमानपत्रांसाठी. कंपनीचा अर्थ नवा होता आणि आईचा हजारो वर्षं जुना. मी कोश मिटवला आणि बसने घरी आले.

घरी शेजारच्या काकू आल्या होत्या. साताऱ्याकडच्या आहेत, जिभेने तिखट, मनाने नाही. मांडणीकडे बघून आईला म्हणाल्या, "काय गं, करंडा आणलास? आता ह्या वयात कुंकू लावायला लागलीस व्हय?"

"कुंकवाचा न्हाई तो," आई म्हणाली.

"मग कशाचा?"

आईने करंडक मूर्तीच्या आणखी जवळ सरकवला. ताईने उजवा हात ओढणीखाली आणखी आत घेतला. काकूंनी दोघींकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "आमच्याकडं सासरे गेले तेव्हा सासूबाईंचा करंडा त्यांच्याबरोबर दिला होता. सरणावर. आतल्या कुंकवासकट. पुन्हा त्याचं झाकण उघडायचं न्हाई म्हणून." मग त्यांनी चहा पुरा न करताच कप खाली ठेवला.

माझ्या डोक्यात सणक गेली. मरतो पुरुष, जळते बाईची डबी. पण ते पत्रक पुढच्या वेळी. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की ज्या ज्या बाजूने ह्या शब्दाकडे जावं, तिथे कुणीतरी गेलेलं आहे.

मग मी मला येतं ते केलं. कागद घेतला आणि पत्रक लिहिलं. मथळा: 'सुरक्षेच्या करंडकात कुणाची बोटं?' लिहून ताईला वाचून दाखवलं. चांगलं झालं होतं, मला माहीत होतं.

ताईने पुरतं ऐकलं. "कुणाची म्हणून इचारतीस? तुला ठाऊक न्हाई?"

"ताई, ते विचारायची पद्धत असते तशी."

"पत्रकवाले बाई, माझा हात अजून माझा मला झाला न्हाई, आन् तू त्याचा मथळा करायलीस." तिने कागद माझ्याकडे सरकवला. "आधी ते उघड. आत काय हाय ते बघू दे. मग काय लिहायचं ते लिही."

आई मांडणीसमोर जाऊन उभी राहिली. "धातुकरंडक उघडत नसतेत."

"आई, ती ट्रॉफी आहे," मी म्हटलं, आणि माझ्याच आवाजाला जोर नव्हता.

"असू दे. आत कुणाचंतरी काहीतरी हाय. तुला बी ऐकू येतंय, मला बी. वंदन करायचं असतंय, फोडून बघायचं नसतंय."

"वंदन ज्याचं त्यानं करावं," ताई म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "माझी असली तर मला बघायचीत. नसली तर तसं कळू दे. मी किती दिस अशी दोन ठिकाणी बसू?"

आई बाजूला झाली. बराच वेळ लागला तिला, पण झाली.

मी काकूंकडून करवतीचं पातं आणलं. म्हटलं, मी धरते, तू काप, नाहीतर तू धर, मी कापते. ताई म्हणाली, "तू धरलीस तर तू उघडलीस असं व्हईल." ती जमिनीवर बसली. डाव्या हातात पातं घेतलं. आणि ओढणीतून उजवा हात बाहेर काढला. किती दिवसांनी मी तो उजेडात पाहत होते. फिकट झालेला, सालं निघत असलेला, टाक्यांच्या जागी गुलाबी, आणि बाकी सगळा आत वळलेला. आतून काही निसटू नये म्हणून मिटल्यासारखा. खरा करंडा तिच्याच मनगटाला होता, ती मिटलेली मूठ.

तिने मूठ उघडली. म्हणजे प्रयत्न केला. अंगठा आधी सुटला. मग करंगळीशेजारचं बोट, थरथरत, थोडं थोडं. कपाळावर घाम. आईने तोंडाला पदर लावला. त्या अर्धवट उघडलेल्या हातात ताईने करंडक खोचला, अंगठा आणि दोन बोटांनी धरला, गुडघ्याचा आधार दिला, आणि डाव्या हाताने काठावर पातं चालवायला लागली.

पितळेचा बारीक भुगा तिच्या मांडीवर हळदीसारखा पडत होता. काम हळू चाललं होतं. झाकण अर्धं कापून झालं आणि लांबून भोंगा वाजला.

ताई थांबली, पण डबी सोडली नाही. गाडी आली. पेले, पातेली, दाराची कडी. आणि तिच्या तळहातात, आता अगदी स्पष्ट, टिक, टिक, टिक. मला तिच्या हाताकडे बघवत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती. डबे संपता संपेनात.

गाडी गेली. मी विचारलं, "आता? दुखलं तिथं?"

तिने मांडणीकडे पाहिलं, मग हाताकडे. "न्हाई," ती म्हणाली. "आता हितंच दुखायलंय."

उरलेलं तिने लवकर कापलं. झाकण निघालं. माझ्या पत्रकाचा कच्चा कागद खाली पडला होता, त्यावर तिने करंडक पालथा केला.

दोन टिकल्या पडल्या. पत्र्याला गोल भोक पाडताना मधून जो गोल तुकडा सुटतो, त्याला ताईच्या लाइनवर टिकली म्हणतात. पोतीच्या पोती निघतात, भंगारात जातात. कपाळावर लावायच्या टिकलीएवढ्या, राखाडी, तेलकट. दोन.

"धातू," आई म्हणाली. तिने हात जोडले होते की नुसते एकमेकांत घट्ट धरले होते, मला कळलं नाही.

माझ्याकडे लगेच उत्तर तयार होतं. ट्रॉफ्या करणाऱ्याने वजनासाठी भंगार टाकलं असेल, नाहीतर चुकून पडलं असेल, सगळ्याच डब्यांत असेल. ताईने लाइनवरच्या मैत्रिणीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "तुझा करंडक हलवून बघ गं." मैत्रीण म्हणाली, "कशाला? येडी का तू?" मग हलवल्याचा काही आवाज आला नाही. "न्हाई वाजत." अजून दोघींना विचारलं. त्यांचेही वाजत नव्हते.

ताईने एक टिकली उचलली. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट, ह्या दोघांत धरून. ती काय करतेय हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं. काठावरून अंगठा फिरवत ती म्हणाली, "बर हाय एका अंगाला." बर म्हणजे साचा बोथट झाला की काठावर जी कुसळासारखी धार राहते ती. "आमच्या साच्याला अशीच यायची. किती वेळा सांगितलं मेंटेनन्सला."

मी म्हटलं, "म्हणजे तुझ्याच मशीनच्या?"

"असं मी कुठं म्हणलं? बर समद्याच साच्यांना येती." तिने टिकली खाली ठेवली, परत उचलली. "येड लावतीस उगं."

त्या दिवशी राजम्याची वाटी मी परत डब्यात रिकामी केली. ताई टिकल्या उचलते. सतरंजीवरून उचलायच्या, करंडकात टाकायच्या, परत काढायच्या. टिक. टिक. आता तो आवाज तिचा ती करते. दवाखान्यातल्या मॅडमना तिने टिकल्या दाखवल्या, कुठून आल्या ते नाही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, चालेल, पण धार घासून घ्या. ताईने ती घासली नाही. करंगळी पुरती सुटत नाही अजून, बहुतेक सुटणारही नाही. शेजारचं बोट सुटलं. परवा तिने ह्या हाताने चहाचा कप उचलला आणि अर्धा सांडला, आणि आईने सांडलेला चहा पुसला नाही, तशीच बघत बसली.

पत्रक निघालं. ताईनेच मथळा बदलून दिला. 'माझी बोटं कुठं आहेत?' माझ्या मथळ्यापेक्षा साधा, आणि ज्याचं उत्तर द्यावंच लागतं असा. चाकणच्या गेटवर आम्ही ते वाटलं, ताई स्वतः उभी होती, उजव्या हाताने देत होती. काहींनी कागद घेण्याआधी हात पाहिला, काहींनी हात पाहून कागद घेतला नाही. सुपरवायझरने घेतला. वाचला. घडी करून खिशात ठेवला आणि आत गेला. उत्तर आलेलं नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, पण खरं सांगू का, भूत असतं तर बरं झालं असतं. भुताला विचारलं तर ते काहीतरी बोलतं म्हणतात.

करंडक अजून मूर्तीशेजारीच आहे, बिनझाकणाचा. आई त्याच्यासमोर मेणबत्ती लावते. मी काही म्हणत नाही. कुणाच्याही नावाने का होईना, कुणीतरी ह्या गोष्टीची दखल घेतेय.

काल दुपारी ताईचा व्यायाम चालला होता. टिकल्या तिच्या मुठीत होत्या, करंडक मांडणीवर रिकामा. मालगाडी आली. पेले बोलायला लागले, कडी वाजली. आणि वर, मूर्तीच्या शेजारून, टिक, टिक.

रिकामं पितळ लाकडावर थरथरलं तर वाजणारच. कारण सरळ आहे, मी ते मनात दोनदा म्हटलंसुद्धा. पण आम्ही तिघीही मांडणीकडे बघत होतो. मग ताईने आपली मूठ पुढे आणली आणि हळूहळू उघडली, करंगळी सोडून सगळी. दोन्ही टिकल्या तळव्यावर होत्या. तिने परत मूठ मिटली नाही. हात तसाच उघडा धरून बसली, गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत, आणि त्यानंतरही.